‘ऐकत नाही’ या शब्दांचा अर्थ

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानावर पडलेलं समजून घेणं हा एक आणि सांगितल्याप्रमाणे वागणं हा दुसरा. घराघरात चालतो तो दुसराच. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणणाऱ्या आईची तक्रार मुलाच्या कानांबद्दल नसते. रुग्णालयाच्या वॉर्डात हाच शब्द जसाच्या तसा येतो. चौदा-पंधरा वर्षांचा रुग्ण सलाईनसाठी हात पुढे करत नाही, गोळी गालात धरून ठेवतो आणि मग उशीखाली सरकवतो, व्यायामाला उठत नाही, राउंडला आलेल्या डॉक्टरांनी काही विचारलं की भिंतीकडे तोंड फिरवतो. सिस्टर म्हणतात, ऐकत नाही. वडील म्हणतात, घरीही असाच. केस पेपरवर ‘अनकोऑपरेटिव्ह’ हा शब्द पडतो आणि पुढच्या पाळीच्या डॉक्टरांना तो मुलाच्या आधी भेटतो. किशोरवयीन मुलामुलींनी रुग्णालयातल्या उपचारांना साथ द्यावी म्हणून काय करता येईल, हा या पुस्तिकेचा विषय. पण पुस्तिकेत शिरण्याआधी त्या शब्दाचं काहीतरी करायला हवं. माझं म्हणणं असं, की पहिला अर्थ वगळून दुसरा हाती लागत नाही. ज्याला नीट सांगितलेलं नाही आणि ज्याचं म्हणणं कुणी कानावर घेतलेलं नाही, त्याच्याकडून मिळतं ते फार तर मुकाट्याने मान तुकवणं. सहकार्य ही वेगळी गोष्ट आहे. मान तुकवण्याची मुदत डिस्चार्जच्या कागदापर्यंत असते. आणि या वयातल्या बहुतेक गंभीर आजारांचा खरा उपचार डिस्चार्जनंतर, घरी, महिनोन् महिने चालतो.

हा विचार दिव्यात बसून केला तर त्याला हाडामांसाचा आकार येतो. ठाणे महापालिकेच्या हद्दीतलं, मुंब्रा आणि कोपर यांच्या मधलं दिवा हे जंक्शन; इथून एक फाटा वसईकडे जातो, दुसरा पनवेल-रोह्याकडे. इथल्या माणसाचं दुखणं जरा वाढलं की त्याला लोकल पकडावी लागते. मुंबईच्या दिशेने दोन स्टेशनं गेलं की कळवा, तिथे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. उलट दिशेने दोन स्टेशनं गेलं की डोंबिवली, तिथे कल्याण-डोंबिवली महापालिकेचं शास्त्रीनगर रुग्णालय. त्याहून मोठं काही निघालं तर परळ: केईएम, टाटा, वाडिया. सकाळी दिव्याला लोकलमध्ये चढणं हे धडधाकट माणसाचंही काम नव्हे, कारण गाडी कसारा-कर्जत-कल्याणहूनच भरून येते. कॅन्सरच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यात बसायला परवानगी आहे, पण त्या डब्यात वरवर ठणठणीत दिसणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला जागेचा हक्क नजरेनेच सिद्ध करावा लागतो. केस गेलेले असेपर्यंत कुणी विचारत नाही. ते परत उगवले की प्रश्न सुरू होतात. त्यात सोबत येणाऱ्या आईचा किंवा वडिलांचा खाडा. या सगळ्यातून जाऊन एखादी तारीख चुकली तर रजिस्टरमध्ये एवढंच उरतं, की रुग्ण आला नाही. असहकाराची पहिली नोंद अनेकदा वॉर्डाच्या दाराबाहेर, फलाटावरच तयार झालेली असते.

आता पुराव्याकडे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्यातल्या सुरुवातीच्या जोरदार उपचारानंतर सुमारे दोन वर्षं घरी रोज एक गोळी घ्यायची असते, मरकॅप्टोप्युरिन नावाची. अमेरिकेत काम करणाऱ्या डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळीच्या बाटल्यांना असं झाकण लावलं, की ते कधी उघडलं याची इलेक्ट्रॉनिक नोंद व्हावी. निष्कर्ष धडकी भरवणारे होते. शंभरातल्या पंचाण्णवपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका अडीच पटींहून अधिक निघाला. म्हणजे महिन्यातून दोन गोळ्या चुकल्या तरी माणूस त्या रेषेखाली जातो. बारा वर्षांवरच्या मुलांत गोळ्या चुकण्याचं प्रमाण लहानांपेक्षा जास्त होतं. इथपर्यंत ‘ऐकत नाहीत’ म्हणणाऱ्यांना बळ मिळेल. पण याच संशोधनमालेतली पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. ‘किती गोळ्या घेतल्या?’ या प्रश्नाला घरच्यांनी आणि मुलांनी दिलेलं उत्तर बऱ्याच वेळा झाकणाच्या नोंदीपेक्षा मोठं होतं. डॉक्टरांना खोटं का सांगावंसं वाटतं? खरं सांगितलं की बोलणी बसतात, म्हणून. आणि हे खोटं निरुपद्रवी नसतं, कारण त्या उत्तरावर आणि रक्ताच्या तपासणीवर डॉक्टर गोळीची मात्रा ठरवत असतात. रागावून मिळवलेला होकार डॉक्टरांनाच अंधारात ठेवतो.

दुसरा पुरावा आपल्या शेजारच्या गावातला म्हणता येईल. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि तिथे उल्हासनगर उभं राहिलं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे ठाणे-कल्याणच्या पट्ट्याला हा आजार चांगलाच ओळखीचा आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह शरीरात साठतं (फेरिटिनच्या तपासणीत ते कळतं) आणि शेवटी हृदयावर बसतं. ते काढण्यासाठी अनेक वर्षं एकच औषध होतं, डेस्फेरल. ते पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली सुई टोचून, छोट्या पंपाने आठ ते बारा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री घ्यावं लागे. लहानपणी आई सुई लावायची आणि मूल झोपायचं. तेराव्या-चौदाव्या वर्षी हीच मुलं पंप बाजूला ठेवू लागत, आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्याला किशोरवयाचा बंडखोरपणा म्हटलं. मग १९९० च्या दशकात डेफेरिप्रोन ही गोळी आली. तिला जगात सर्वांत आधी परवानगी दिली ती भारताने, आणि तिच्या चाचण्यांमध्ये मुंबईच्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. गोळीलाही तिचे धोके आहेत, पांढऱ्या पेशी घसरतात, वारंवार रक्त तपासावं लागतं. शिवाय गोळ्याही चुकवल्या जातातच. पण कालपर्यंत ‘हट्टी’ ठरलेल्या पुष्कळ मुलांनी गोळी घेतली. त्यांचा स्वभाव रातोरात बदलला नव्हता, सुई गेली होती. ज्याला आपण मुलाच्या चारित्र्यातला दोष समजत होतो, तो निदान काही अंशी उपचाराच्या ओझ्याचा मोजदाद नसलेला भाग होता.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. २००९ च्या सुमारास तिथे उपचारासाठी आलेल्या लहान मुलांपैकी साधारण पाचात एक उपचार अर्ध्यावर सोडत असे किंवा नाकारत असे. त्यानंतर पैशांची तजवीज, राहायची जागा, जेवण, समुपदेशन, चुकलेल्या तारखेचा फोनवरून पाठपुरावा अशी कामं एका व्यवस्थेखाली आली. काही वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं. ही आकडेवारी सगळ्या वयाच्या मुलांची आहे, केवळ किशोरांची नाही, हे ध्यानात ठेवावं. तरीही मुलं तीच, आजार तेच, बदललं ते मुलांच्या भोवतीचं जग. उलट, नुसत्या देखरेखीने काय साधतं हे पाहायचं असेल तर क्षयरोगाकडे पाहावं. रुग्णाने समोर गोळी गिळली की नाही हे पाहण्यावर जगभर मोठी यंत्रणा उभी राहिली. त्या विषयावरच्या चाचण्यांचा कॉक्रेन समूहाने एकत्र आढावा घेतला, तेव्हा केवळ समोर उभं राहून गोळी गिळायला लावण्याचा, रुग्णाने स्वतः ती घेण्यापेक्षा ठळक फायदा दिसला नाही. पहारा हा सहकार्याला पर्याय होत नाही.

मोठ्यांना क्षुल्लक वाटणारी कारणं या वयात डोंगराएवढी असतात, आणि ती विचारल्याशिवाय कळत नाहीत. मूत्रपिंडाच्या नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये किंवा सांधेदुखीच्या काही प्रकारांत स्टिरॉइड द्यावं लागतं. त्याने चेहरा सुजून गोल होतो, मुरमं येतात, अंगावर लव वाढते. नववीतल्या मुलीने ती गोळी गुपचूप बंद केली तर तिच्या दृष्टीने तिने आजार निवडलेला नसतो, वर्गात जाता येईल असा चेहरा निवडलेला असतो. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात गंमत आणखी वेगळी आहे. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळेच इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि त्याची गरज वाढते. इमाने इतबारे सुया टोचून घेणाऱ्या मुलाचीही साखर चढते, आणि घरी दारी एकच प्रश्न: बाहेर काय खाल्लंस? खोटा आळ एकदा आला की खरं वागण्याचा उत्साह किती दिवस टिकणार? याच्या जोडीला वॉर्डाची रचना. आपल्याकडे बऱ्याच सार्वजनिक रुग्णालयांत बालरोग विभागाची हद्द बाराव्या वर्षी संपते, जरी बालरोगतज्ज्ञांची संघटना ती अठरापर्यंत असावी असं म्हणत आली आहे. तेरा वर्षांच्या मुलाला मग यकृत बिघडलेल्या, खोकणाऱ्या, रात्री ओरडणाऱ्या प्रौढ पुरुषांमध्ये खाट मिळते. मुलीची तपासणी पडदा अर्धा ओढून, सात-आठ विद्यार्थ्यांच्या घोळक्यात होते. विदूषकांची चित्रं असलेल्या भिंती त्यांच्यासाठी नसतात आणि मोठ्यांच्या वॉर्डातला धीटपणाही त्यांच्याकडे नसतो. अशा ठिकाणी पांघरूण डोक्यावरून घेणं ही एकमेव खोली असते, आणि आपण ते ओढून काढतो.

कायद्यानेही या वयाला दोन उंबरठ्यांच्या मध्येच उभं केलं आहे. सज्ञान होण्याचं वय अठरा, हे १८७५ च्या कायद्यापासून चालत आलं आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर म्हणून आईवडिलांची सही घेतात. दुसरीकडे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ८९ आणि ९० या कलमांनी बारा वर्षांची रेषा आखली होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती टिकून आहे: बाराच्या आतल्या मुलाची संमती ही संमतीच नव्हे. मग बारा ते अठरा यांचं काय, यावर कायदा फारसा बोलत नाही. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्याने मात्र पुरेशी समज असलेल्या बारा ते अठरा वर्षांच्या भावंडाला धाकट्या भावंडाचा पालक म्हणून काही कामांत मान्यता दिली. सर्वांत चमत्कारिक तफावत आहे ती संशोधन आणि उपचार यांच्यातली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संशोधनात सहभागी करताना सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी अनुमती घ्यावी लागते, पालकांच्या संमतीखेरीज. म्हणजे चौदा वर्षांच्या त्याच मुलाच्या त्याच हातातून चमचाभर रक्त अभ्यासासाठी काढायचं तर त्याला समजावून त्याची सही घ्यायची. आणि त्याच्या पाठीच्या कण्यात उपचारासाठी सुई घालायची तर त्याच्याशी बोललं नाही तरी चालतं. अभ्यासाच्या बाबतीत जो माणूस आहे तो उपचाराच्या बाबतीत नुसता हात कसा होतो?

यावर पहिला आक्षेप येतो समजुतीचा. या वयाला पुढचं दिसत नाही, मेंदू अजून पिकत असतो, मग त्यांना कशाला विचारायचं? मेंदूबद्दलचं म्हणणं खोटं नाही. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या खेळात दाखवून दिलं, की मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा जास्त धोका पत्करतात आणि प्रौढांत हा फरक तितका पडत नाही. पण त्याआधी १९८२ मध्ये लॉइस वाइटहॉर्न आणि सुसान कॅम्पबेल यांनी नऊ, चौदा, अठरा आणि एकवीस वर्षांच्या ९६ जणांपुढे उपचारांबद्दलचे काल्पनिक पेच ठेवले होते. चौदा वर्षांच्या मुलांची निवडीची क्षमता एकंदरीत प्रौढांच्या तोडीची निघाली. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. शांतपणे, वेळ देऊन, माहितीसह विचारलं तर चौदाव्या वर्षी माणूस चांगला विचार करतो. घाईत, चारचौघांत, घाबरलेला असताना करत नाही. आता वॉर्डातला राउंड कोणत्या प्रकारात मोडतो ते वाचकाने ठरवावं. समजुतीची परीक्षा आपण तिला सर्वांत प्रतिकूल जागी घेतो आणि नापासाचा शेरा वयाच्या नावावर मारतो. शिवाय विचारणं म्हणजे निर्णय सोपवणं नव्हे. केमोथेरपी घ्यायची की नाही हा प्रश्न मुलापुढे मोकळा टाकावा, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप आईवडिलांचा, आणि तो जास्त जिव्हाळ्याचा आहे: ‘तिला काही सांगू नका, खचून जाईल.’ फाइल दडवली जाते, रिपोर्ट दाराबाहेर वाचला जातो, पाहुण्यांना डोळ्यांनी खुणावलं जातं. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ल्युकेमियाच्या वॉर्डात दीर्घकाळ मुलांमध्ये राहून १९७८ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं, की तीन ते नऊ वर्षांच्या मुलांनाही कुणी न सांगता आपला आजार आणि त्याचा शेवट कळलेला असतो. आईबापांना त्रास नको म्हणून मुलंच माहीत नसल्याचं सोंग घेतात. नऊ वर्षांच्या मुलाला कळतं ते हातात मोबाइल असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीपासून लपणार कसं? औषधाच्या पाकिटावरचं नाव टाइप करायला अर्धं मिनिट लागतं, आणि शोधात वर येतं ते सर्वांत भयानक. स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गमावलेल्या चारशेहून अधिक पालकांना विचारल्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूविषयी बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिकांना होता. स्वीडनची घरं वेगळी आणि आपली वेगळी, हे मान्य. आपल्याकडे सगळं एका दिवसात, एका बैठकीत सांगायची गरज नाही. पण दडवलेल्या आजाराच्या गोळ्या मन लावून घ्या, ही मागणी कुठल्याही देशात अवघडच आहे. जन्मतः एचआयव्ही असलेल्या मुलांना शाळकरी वयातच, टप्प्याटप्प्याने, त्यांची स्थिती सांगावी असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये म्हटलं, त्यामागेही हाच अनुभव होता. ‘शक्तीची गोळी’ म्हणून दिलेलं औषध शक्ती आल्यासारखी वाटली की बंद होतं.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा. व्यक्तीची स्वायत्तता वगैरे पश्चिमेकडच्या कल्पना, आपल्याकडे निर्णय घर घेतं. घर घेतं हे खरंच आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण दिव्यातल्या चाळीतलं घर प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहावं. आई पहाटे कामावर गेली की धाकट्याचा डबा आठवीतली मुलगी भरते. रेशनचा अर्ज, बँकेचा फॉर्म, लाइट बिल मोबाइलवरून भरणं ही कामं तिचीच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं गोळा करायची म्हणजे काय, हे घरात फक्त तिला वाचून कळतं. आजोबांना कळव्याला न्यायचं झालं तर डॉक्टरांचं बोलणं त्यांना समजेल अशा भाषेत सांगणारी तीच. जिला घराने इतकं मोठं केलं, तिला ती स्वतः खाटेवर आडवी झाली की ‘लहान आहे, तिला काय विचारायचं’ म्हणतात. घराच्या बैठकीतून तिला एकटीला वेगळं काढा असं कुणी म्हणत नाही. तिला त्या बैठकीत बसायला जागा द्या, इतकंच. आणि कधीतरी पाच मिनिटं आईवडिलांना बाहेर बसवून तिच्याशी बोलावं, कारण काही प्रश्न, पाळीचे, व्यसनाचे, शाळेतल्या छळाचे, ती त्यांच्यासमोर उघड करणार नाही. या गोपनीयतेलाही मर्यादा आहेत आणि त्या आधीच सांगितलेल्या बऱ्या. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग ती कुणीही कितीही विश्वासाने सांगितलेली असो. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊन नंतर मोडण्यापेक्षा ‘काही गोष्टी मला कळवाव्याच लागतील’ हे आधी सांगणारा माणूस पुढच्या वेळी विश्वासाला पात्र ठरतो.

सर्वांत वजनदार आक्षेप चौथा आहे: वेळ कुणाकडे आहे? एका सिस्टरकडे साठ खाटा, निवासी डॉक्टर तीस तास जागे, जमिनीवर गाद्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले तेव्हा सार्वजनिक व्यवस्थेवर किती भार आहे हे साऱ्या राज्याने पाहिलं. दिव्यातल्या मुलांनीही ते मोबाइलवर पाहिलं, आणि पुढे त्याच दारातून आत जाताना ती मुलं मनात काय घेऊन जातात हेही लक्षात घ्यावं. या आक्षेपाला ‘मन असेल तर वेळ मिळतो’ असं गुळगुळीत उत्तर देण्यात अर्थ नाही. वेळ खरोखर नाही. पण हिशेब पुरा मांडू या. ओढाताणीत निसटलेली सुई पुन्हा लावायला दोन माणसं आणि वीस मिनिटं लागतात. ‘उजव्या हाताने लिहितोस ना, मग डाव्या हाताला लावू?’ या प्रश्नाला पाच सेकंद. लपवलेल्या गोळ्यांमुळे बळावलेला क्षय औषधांना दाद देईनासा झाला, तर त्याला लागणारे महिने कोणाच्या वेळातून जातात? शिवाय बोलण्याचं सगळं काम डॉक्टरांनीच करायचं असंही नाही. समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक, जुनी सिस्टर, कधी तर वॉर्डातल्या मावशी, यांच्यापैकी ज्याच्याशी मुलाचं जमतं त्याच्यावर ते सोपवता येतं. मात्र विचारायचं तेच, ज्याचं उत्तर आपण मानणार आहोत. ‘इंजेक्शन घ्यायचं का?’ असं विचारून, मूल नाही म्हणालं की तरी टोचणं, हे न विचारण्यापेक्षा वाईट. कोणता हात, आधी ड्रेसिंग की आधी आंघोळ, आई पडद्याच्या आत की बाहेर, पुढची तारीख घटक चाचणीच्या आधी की नंतर, विद्यार्थी डॉक्टर थांबले तर चालतील का: असे खरे पर्याय वॉर्डाच्या दिवसात बरेच पडलेले असतात, आणि मोबाइल चार्ज करायला एक प्लग मिळाला तर मित्रांशी तुटलेलं जग परत जोडलं जातं. आणीबाणीत मात्र विचारत बसू नये. रक्त वाहत असताना हात धरावाच. नंतर, मूल शुद्धीवर आणि शांत झाल्यावर, काय केलं आणि का केलं ते सांगावं.

एवढं सगळं करूनही काही मुलं नाही म्हणतील. सोळा वर्षांचा मुलगा हाडाच्या कॅन्सरसाठी पाय काढायला नकार देतो, तेव्हा या प्रस्तावनेतल्या कोणत्याही युक्तीने तो नकार विरघळेलच असं नाही. कायदा पालकांच्या सहीवर शस्त्रक्रिया होऊ देतो, आणि जीव वाचण्याची रास्त आशा असेल तर ती व्हावी असंच मला वाटतं. पण तेव्हा ‘तुझ्या भल्यासाठी’ या शब्दांआड लपू नये. निर्णय कुणी घेतला, तुझं म्हणणं कुठे मानलं नाही आणि का मानलं नाही, हे त्याला त्याच्या तोंडावर सांगायचं धैर्य मोठ्यांनी दाखवावं. त्यावर रागावण्याचा हक्क त्याचा. आणि आधी हेही तपासावं, की तो नक्की कशाला नाही म्हणतो आहे. पायाला की कुबड्यांवर लोकलच्या डब्यात चढण्याला? कृत्रिम पाय कसा असतो, तो लावून चालणारं कुणी त्याला भेटलं आहे का? नकार अनेकदा उपचाराला नसतो, त्यानंतरच्या ज्या आयुष्याचं चित्र कुणी दाखवलेलं नसतं त्याला असतो.

सरकारी कागदांवर या वयाची आठवण नाही असं म्हणता येत नाही. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तोच पालघरहून, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पुढच्या वर्षी, जानेवारी २०१४ मध्ये, दहा ते एकोणीस वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. महाराष्ट्रात त्याखालची ‘मैत्री’ नावाची क्लिनिकं आहेत. नाव चांगलं आहे. पण या मैत्रीची हद्द बहुतेक करून ओपीडीतल्या त्या एका खोलीपुरती असते. जिना चढून वॉर्डात ती पोचत नाही. पुढच्या पानांत जे आहे ते त्या जिन्याबद्दल आहे: वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांनी, आईवडिलांनी आणि शाळेने कोणत्या वेळी काय बोलावं, काय टाळावं, कुणाकडे पाठवावं.

त्यात एक प्रकरण अठराव्या वर्षाबद्दल आहे, आणि ते आधी वाचलं तरी हरकत नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी थॅलेसेमियाची मुलं त्या वयापर्यंत पोचतच नसत, म्हणून हा प्रश्नही नव्हता. आता पोचतात, नोकरी करतात, लग्नं करतात. अठरावा वाढदिवस उलटला की संमतीपत्रावर आईची सही चालत नाही, बालरोग विभागाची फाइल तोवर उघडी असली तर तीही बंद होते आणि मोठ्यांच्या ओपीडीचा नवा केस पेपर काढावा लागतो. दिव्याहून पहाटेची गाडी पकडून असा एखादा मुलगा पहिल्यांदा एकटा रांगेत उभा राहतो. आतले डॉक्टर नवे असतात, त्यांना तो ठाऊक नसतो. ते विचारतात: कोणतं औषध चालू आहे, किती, कधीपासून, मागचं फेरिटिन किती होतं? गेली सतरा वर्षं या प्रश्नांची उत्तरं शेजारच्या खुर्चीवरून आई देत आली होती.